घरचं बीज

माझ्या सासूबाईंना राग यायचा नाही, राग त्यांच्याकडे राहायला यायचा. एकदा आला की त्याची नीट व्यवस्था व्हायची, आणि तो कधी जाणार हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

धान्याच्या दुकानदारानं एकदा चारचौघांत त्यांना म्हटलं होतं, "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका, घरच्या पुरुषाला पाठवा." घरचा पुरुष, म्हणजे माझे सासरे, तेव्हा नुकतेच वारले होते आणि दुकानदाराला ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई लांबच्या दुकानात जाऊ लागल्या, आणि परतताना बरोबर याच्या दारासमोर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेऊ लागल्या. माझं लग्न झालं तेव्हाही हे चालूच होतं. दुकानदार थकला, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसू लागला, तरी पिशवीनं हात बदलायची जागा काही बदलली नाही.

अशी बाई. मासळीबाजारात सगळे त्यांना 'थोरली' म्हणत, कारण त्यांचा धाकटा भाऊही माशांच्याच धंद्यात होता. तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. पोट सुटलं, केस गेले, तरी गावाच्या लेखी तो धाकटाच. मी मात्र त्यांना मामा म्हणायचो आणि मान देऊन बोलायचो.

मी स्वतः जिवंत मासे नेण्याची गाडी चालवतो. मागे प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या, टाक्यांत हवा सोडणाऱ्या नळ्या, आणि वळणावर पाणी डचमळलं की गाडी बाईसारखी कंबर हलवते. त्यामुळे या भावाबहिणींमध्ये जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं बायकोनं सांगितलं.

यांच्या वडिलांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, विटांच्या भिंतीपलीकडची तळी. ती सासूबाईंकडे आली. दुसरी, हॅचरी. हॅचरी म्हणजे माशांचं बाळंतपणाचं घर. लांबलचक शेड, त्यात सिमेंटच्या कुंड्या आणि सतत वाहणारं विहिरीचं पाणी. ती मामांकडे गेली. मामांनी पिल्लं, म्हणजे धंद्याच्या भाषेत बीज, तयार करायची, सासूबाईंनी ती तळ्यात वाढवून बाजारात विकायची. मधली ने-आण माझी. कधी लेखी काही झालं नाही. गरजच पडली नाही. यांची आई गेली तेव्हा मामा रांगत होते. सासूबाईंनी शाळा सोडली आणि भावाला कडेवर घेतलं. त्यांचा एक खांदा जरा खाली उतरलेला होता, तो त्या पोराच्या वजनानं, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. अर्थात हे आधीचं.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. मी मामांकडे बोटभर लांबीची तिलापिया माशांची पिल्लं भरायला गेलो. पिल्लं बघत राहावीत अशी होती. अंगावर तकाकी, मूठभर खाणं टाकलं की पाणी उकळल्यासारखं उसळायचं. शेडच्या कडेला एक गडी पिंपात माशांचं खाणं कालवत होता. तेल, खाण्याचे दाणे आणि वरून पिवळी पावडर.

"हे काय?" मी सहज विचारलं.

"टॉनिक," तो म्हणाला.

मामा कुंडीच्या काठावर हात टेकून उभे होते. "ताईला सांगा," ते म्हणाले, "या खेपेचं बीज एकदम फर्स्टक्लास आहे."

मी तसंच सांगितलं. पिल्लं तळ्यात सोडली, सासूबाईंनी त्यांना आपलं नेहमीचं साधं खाणं सुरू केलं, आणि मी दुसऱ्या भाड्यावर गेलो.

काही दिवसांनी पहिला मासा दिसला तो सासूबाईंनाच. सकाळी खाणं टाकायला गेल्या तर पाण्याच्या वरच्या थरात एक पिल्लू स्वतःभोवतीच गरगरत होतं, कुणी दोऱ्याला बांधून फिरवावं तसं. त्यांनी ओंजळीत उचललं. डोळा बाहेर आलेला, त्यावर साय धरल्यासारखा पांढरा पडदा. अंग विळ्यासारखं वाकलेलं. दुसऱ्या दिवशी असे चार कोपऱ्यांत चार. आणि मग मोजण्यासारखं काही राहिलंच नाही. काठाकाठानं पांढरी पोटं वर करून मासे तरंगायला लागले. कावळ्यांना आमंत्रण द्यावं लागलं नाही.

आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि सासूबाई, हातजाळीनं मेलेले मासे काढायचो, टोपल्या भरायचो, खड्ड्यात ओतायचो आणि वर चुना टाकायचो. एक तळं आवरावं तर शेजारच्यात सुरू. पाणी एकाच पाटानं सगळीकडे फिरायचं ना. वास केसांत जाऊन बसला. बायको डोकं धुऊन यायची आणि पुन्हा धुवायला जायची. सासूबाई मात्र काठावर बसून हातातला मेलेला मासा उलटासुलटा करून बघत राहायच्या. रडल्या नाहीत. कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटत होती.

आमच्या भागात एक मासेडॉक्टर आहेत. किडकिडीत बाई, स्कूटरच्या मागे बर्फाची पेटी बांधून फिरतात. त्या आल्या, मागच्या पडवीतल्या टेबलावर अजून धुगधुगी असलेला मासा घेऊन त्यांनी त्याचं डोकं उघडलं. आतला मेंदू लालसर आणि पाणचट झालेला. तिथून त्यांनी काडीवर थोडं घेतलं आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा हातात झाकणाची काचेची बशी होती. बशीत पिवळट थर, त्यावर कागदाच्या बारीक टिकल्या.

"जिवाणू आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूत शिरतो, म्हणून मासा गरगरतो. हा आपोआप उगवत नाही. रोगी माशाबरोबर येतो, आणि पाणी तापलं की उसळतो."

"पण पिल्लं तर धडधाकट होती," बायको म्हणाली.

"दिसत होती. हे बघा. प्रत्येक टिकलीत एकेक औषध आहे. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जिवाणू मरतो आणि मोकळी जागा दिसते. या एका टिकलीला मात्र तो अगदी चिकटून वाढलाय. म्हणजे या औषधाशी त्याची जुनी ओळख आहे. कुणीतरी पिल्लांना आधीच हे खाऊ घालत होतं. त्यानं कमजोर जिवाणू मेले, सरावलेले थोडे उरले, म्हणून रोग गेला नाही, नुसता दबला. औषध बंद झालं आणि वर आला."

"औषध दिसायला कसं असतं?" मी विचारलं.

"पिवळी पावडर."

मी पिंपाचं सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवून बशीकडे बघत राहिल्या.

"मी हॅचरीत नमुना मागायला गेले होते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. तिथला मासा हातात आल्याशिवाय मला कुणाचं नाव घेता येणार नाही."

"तुम्हाला नाही घेता येणार," सासूबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या माझ्या गाडीत बसून हॅचरीवर आल्या. मामा शेडच्या टोकाला असलेल्या छोट्या खोलीत जेवत होते. खोलीत टेबल, फिरताना कुरकुरणारा पंखा आणि भिंतीला टेकवलेली जाळी.

"ये ताई. बस. जेवतेस?"

त्या बसल्या नाहीत. "त्या पिल्लांना औषध देत होतास?"

"सगळेच देतात गं."

"आजारी होती?"

"थोडी मरतूक होती मध्ये. मग थांबली."

"थांबली म्हणून मला दिलीस, की थांबवून दिलीस?"

मामांनी घास ताटात ठेवला. हात तसाच खरकटा. मग ते अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागले, आणि तिथंच त्यांचं चुकलं असं मला अजून वाटतं. भांडले असते तर कदाचित निभावलं असतं.

"तूच सांग, तो माल मी कुणाला द्यायचा होता? बाहेरच्या गिऱ्हाइकाला दिला असता तर त्यानं गावभर बोंब मारली असती. धंदा बसला असता माझा. तू घरची आहेस. घरचं माणूस समजून घेतं. आणि तुझा हात चांगला, म्हटलं तुझ्याकडे तगतील."

"घरची," सासूबाई म्हणाल्या. तोंडात खडा आल्यावर माणूस जिभेनं चाचपतो, तसा त्यांनी तो शब्द चाचपला. आणि बाहेर पडल्या.

गाडीत, घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, जरा हळू घ्या. मला विचार करायचाय."

विचाराचं फळ आठवडाभरात दिसलं. घरामागे सावलीत एक निळं पिंप आलं, त्यात हवेची नळी सोडलेली आणि पाण्यात सात-आठ आजारी मासे. सासूबाई त्यांना हातानं भरवत होत्या. एखादा मेला की तळ्यातून दुसरा गरगरणारा आणून सोडायच्या. स्वतःच्या नातवंडांचं इतकं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आई, हे कशाला?" बायकोनं विचारलं.

"पाहुणे आहेत. मामाकडे जायचेत."

बायकोचा चेहरा उतरला. मामांच्या हॅचरीत एक कुंडी खास होती, जनक माशांची. ज्यांची पिल्लं विकायची ते मोठे नर-माद्या. आजोबांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून त्यांचं घराणं तयार केलं होतं. मामांचा सगळा धंदा त्या एका कुंडीवर उभा होता. पिंपातलं पाणी तिथं पडलं असतं तर पुढचं सांगायला नको.

मी म्हटलं, "आई, हा गुन्हा आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दुपारी जायचं. सगळे जेवायला बसलेले असतात."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण त्या मांडीवर पिंपातलं पाणी भरलेला झाकणाचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्याही होत्या. मला तसंही मामांच्या रिकाम्या टाक्या परत करायला हॅचरीवर जायचं होतं. मी नेलं नसतं तर त्या चालत गेल्या असत्या, डबा डोक्यावर घेऊन.

शेडमध्ये कुणी नव्हतं. पाण्याची धार चालू होती. सासूबाई थेट जनकांच्या कुंडीपाशी गेल्या, डबा काठावर ठेवला, झाकणाला हात घातला आणि थांबल्या. मी जवळ गेलो. कुंडीच्या कोपऱ्यात एक जुनी, हातभर मादी पाण्याच्या धारेकडे तोंड करून उभी होती. ती जराशी वळली. तिचा पलीकडचा डोळा फुगून बाहेर आला होता, आणि त्यावर तीच साय.

सासूबाई वाकून बराच वेळ बघत होत्या. मग दुसऱ्या माशाकडे, तिसऱ्याकडे. झाकण पुन्हा घट्ट लावून त्यांनी डबा उचलला.

"हिच्यात मी आणखी काय घालू?" त्या म्हणाल्या.

परतताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, दया आली असेल. कसली दया! रांग लावून काउंटरपर्यंत पोचावं आणि खिडकी बंद व्हावी, तसा तो चेहरा होता. "माझ्या आधी पोहोचलाय तो रोग," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "मुळालाच लागलाय. आणि हा त्याच्यावर पावडर फासून विकतोय." घरी येऊन त्यांनी डबा चुन्याच्या खड्ड्यात उलटा केला, पिंपही रिकामं केलं, हात धुतले आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाल्या, "त्याच्या घरात घालण्यासारखं काही उरलं नाही. आता जे आत आहे तेच बाहेर काढायचं."

त्यासाठी त्यांना हॅचरीतली पिल्लं हवी होती. त्या स्वतः मागायला गेल्या असत्या तर मिळाली नसती. मी मागितली असती तर कुणाकरता नेतोय ते मामांनी ओळखलं असतं. राहिली माझी बायको.

"मी नाही जाणार," बायको म्हणाली. "मामानं मला सायकल शिकवलीय."

"मला त्यानं आयुष्यातली पहिली हाक मारलीय," सासूबाई म्हणाल्या. "ताईच म्हणाला होता. जा."

ती गेली. मी फाटकाबाहेर गाडीत होतो. तिनं मामांना सांगितलं की आईशी पटत नाही, मागच्या अंगणात स्वतःची छोटी टाकी करायचीय. मामा इतके खूश झाले की स्वतः जाळी घेऊन कुंडीत उतरले. निवडून पिल्लं दिली, पिशवीत हवा भरून वर रबर लावलं. "भाचीकडून मी काय घेणार?" म्हणाले. डोक्यावरून हात फिरवला. पाणी बदलताना एकदम बदलू नकोस, उन्हात ठेवू नकोस, सगळं समजावून सांगितलं. फाटकापर्यंत पिशवी उचलून आणायलाही ते निघाले होते, तिनंच नको म्हटलं.

गाडीत बसल्यावर ती रडायला लागली. मी विचारलं, काय झालं.

"त्यानं चांगली पिल्लं दिली असतील ना?" ती म्हणाली. "मला तर चांगली दिली असतील. मग आई खोटी पडेल. पडू दे. मला तेच हवंय."

मासळीबाजारात शिरतानाच पहिला गाळा सासूबाईंचा. पत्र्याचं छप्पर, ओला कट्टा, समोरून येणाराजाणारा प्रत्येक जण तिथूनच पुढे सरकायचा. तळीवाले, हॉटेलवाले, मामांची सगळी गिऱ्हाइकं त्यात आली. सासूबाईंनी कट्ट्यावर काचेची टाकी मांडायला घेतली तेव्हा मासेडॉक्टर बाजारातच होत्या.

"एकच टाकी ठेवलीत तर लोक म्हणतील, तुम्हीच मारले," त्या म्हणाल्या. "दोन ठेवा. दुसरीत लांबच्या हॅचरीची पिल्लं. पाणी एकच, खाणं एकच, हवेचा पंप एकच. आणि ही पिल्लं आता तुमच्या मुलीच्या मालकीची आहेत, तर मी नमुना घेते. मला कुणाच्या फाटकाशी उभं राहायला नको."

दुसरी पिल्लं मी दूरच्या भाड्यावरून आणली. टाक्यांवर पाट्या लागल्या. एकीवर लांबच्या हॅचरीचं नाव, दुसरीवर 'धाकट्याची हॅचरी. औषध बंद.' एवढंच. सासूबाईंनी वर एक शब्द लिहू दिला नाही, आणि विचारणाऱ्यालाही काही सांगितलं नाही. "बघा की," एवढंच म्हणायच्या आणि समोरचा मासा साफ करायच्या.

पहिले काही दिवस दोन्ही टाक्या मजेत. बाजाराला चेष्टेला विषय मिळाला. शेजारचा अंडीवाला रोज सकाळी विचारायचा, "काय थोरली, कुणी मेलं का?" लांबच्या हॅचरीच्या टाकीतलं एक पिल्लू उडी मारून कट्ट्यावर पडलं आणि मेलं, तेव्हा तर हसून हसून पुरेवाट झाली. सासूबाईंनी ते उचललं आणि डॉक्टरांना दाखवायला बाजूला ठेवलं. माझी बायको गाळ्यावर यायची, मामांच्या टाकीकडे बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जराशी आशा दिसायची.

मग पत्रा तापला. एका सकाळी धाकट्याच्या टाकीत एक पिल्लू गरगरायला लागलं.

अंडीवाला त्या दिवशी आपली अंडी मोजत बसला. दुपारपर्यंत तीन गरगरत होती. पुढच्या दिवसांत काचेला डोळे चिकटवल्यासारखी माणसं उभी राहायची. मासा काचेजवळ येऊन फिरला की त्याचा फुगलेला पांढरा डोळा सगळ्यांना दिसायचा. शेजारच्या टाकीत पिल्लं खाण्यावर तुटून पडत होती, आणि इकडे खाणं तसंच तळाशी बसत होतं. एक तळीवाला बराच वेळ बघून म्हणाला, "माझी पण अशीच गेली गेल्या वर्षी. मला वाटलं, माझंच पाणी वाईट." दुसरा म्हणाला, "माझी पण." सासूबाईंनी हातातली सुरी तेवढी थांबवली. मग पुन्हा चालवली. मेलेली पिल्लं त्या चिमट्यानं काढून डॉक्टरांच्या पेटीत ठेवायच्या, आणि टाकीतलं पाणी चुन्याच्या बादलीतूनच गटारात सोडायच्या. माझ्या बायकोनं गाळ्यावर यायचं बंद केलं.

मामा आले ते भर गर्दीच्या वेळी. लोक आपोआप बाजूला झाले.

"ताई, हे काय मांडलंयस?"

सासूबाईंनी वर पाहिलं. सुरी फडक्याला पुसली. "बोला. काय देऊ तुम्हाला?"

मला त्या नेहमी 'तुम्ही' म्हणायच्या. जावई म्हणून, आणि त्यात माया असायची. हे 'तुम्ही' वेगळं होतं. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, अरे-तुरेशिवाय ज्याच्याशी कधी बोलल्या नाहीत, त्याला त्यांनी एका शब्दात दाराबाहेर उभं केलं. मामांना थोबाडीत बसली असती तरी ते इतके दचकले नसते.

"ताई, झाकून ठेव ते. हात जोडतो. चारचौघांत नको."

"घरचं असेल ते माणूस झाकतं," सासूबाई म्हणाल्या. "हा बाजार आहे."

"मला तुम्ही म्हणू नकोस गं."

"जरा सरकता का? मागे गिऱ्हाईक उभं आहे."

मामा सरकले. खरोखरच मागे गिऱ्हाईक होतं.

पुढचं सगळं लवकर झालं. डॉक्टरांच्या बशीत तोच जिवाणू, त्याच औषधाला चिकटून वाढलेला. मत्स्य खात्याकडून हॅचरी रिकामी करायचा हुकूम आला, पण त्याआधीच मामांकडे पिल्लं न्यायला कुणी येईनासं झालं होतं. जनक मासेही मारायचे होते. त्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर आल्या, आणि घरून खुर्ची घेऊन आल्या.

कुंडीपासून चार हातांवर त्यांनी खुर्ची मांडली. डॉक्टर आणि खात्याची दोन माणसं जाळीनं मासे काढून गुंगीच्या औषधाच्या पाण्यात सोडत होती. मासे शांत व्हायचे, मग खड्ड्यात जायचे. आजोबांनी निवडलेलं अख्खं घराणं एकेक करून निघालं. ती हातभर मादी जाळीत आली तेव्हा सासूबाईंनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की मला वाटलं, आता या उठतात आणि थांबवतात. मामांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते त्यांच्याकडे बघत होते.

कुंडी रिकामी झाली. डॉक्टर हातमोजे काढायला लागल्या, तशी मामांची नजर एकदा कोपऱ्याकडे गेली.

"कोपऱ्यात बारदानाखाली टब आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्यात बघा."

टबात दोन मासे होते. एक नर, एक मादी. वरून ओलं बारदान.

मामा खाली बसले. ते दोन मासेही गेल्यावर त्यांनी विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची घडी करून माझ्याकडे दिली.

कुंड्या कोरड्या पडल्या, भिंतींना चुना लागला, शेडला कुलूप. मामा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला जायला लागले. पुढच्या हंगामात सासूबाईंनी ती शेड भाड्यानं घेतली. दूरवरून नवे जनक आणले, त्यांना लस टोचून घेतली, आणि दाराशीच एक वेगळी कुंडी बांधली. बाहेरून येणारा प्रत्येक मासा आधी तिथं राहणार, नजरेखाली, आणि मगच पुढे. आणि मग त्यांनी मला मामांकडे पाठवलं. कामाला या म्हणून.

मामा धावत आले. म्हणजे अक्षरशः, चपला नीट न घालता. त्यांना वाटलं, संपला ताईचा राग.

"तुमची जागा तिथे, दाराशी," सासूबाईंनी त्यांना सांगितलं. "नवे मासे तुमच्याकडे राहतील. तुम्ही बघितल्याशिवाय एकही पुढे जाणार नाही."

"ताई..."

"इथं सगळे बाई म्हणतात."

मी न राहवून त्या संध्याकाळी विचारलं, इतका राग आहे तर कामाला ठेवलं कशाला? लांब राहू द्यायचं होतं.

"लांब ठेवला तर विसर पडेल मला," त्या म्हणाल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. मामा रोज सकाळी येतात, दाराच्या कुंडीवर वाकून उभे राहतात, 'बाई' म्हणतात, 'तुम्ही' ऐकतात. त्यांच्या हातून एकही आजारी खेप आत गेलेली नाही. माझी बायको त्यांच्यासाठी डबा नेते. सासूबाईंना ते माहीत आहे, डब्यात काय आहे हेही त्या बघतात, आणि कधी कधी झाकण लावायच्या आधी त्यात एखादी गोष्ट वाढवतात. पण बोलणं तेच.

गेल्या महिन्यात मी नवी खेप घेऊन गेलो. मामांनी कुंडीत सोडलेल्या नमुन्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गाडीतली पिल्लं उतरवूच दिली नाहीत. सासूबाईंना जाऊन म्हणाले, "बाई, एक जरा तिरकं चालतंय. गाडी परत पाठवा."

"बरं केलंत," सासूबाई म्हणाल्या.

मामा थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग आपल्या जागेवर गेले. बायको तिथंच होती. ती आईला म्हणाली, "आता तरी अरे म्हण गं त्याला. म्हातारा झाला तो."

"जिभेवर येतं की," सासूबाई म्हणाल्या. "रोज येतं. गिळते मी."

आणि पंपाचा आवाज जरा वेगळा येतोय म्हणून बघायला निघून गेल्या.